साबण शिवराक आहे का?

गेल्या श्रावणातली गोष्ट. मावशीला घेऊन फोंड्याच्या बाजारात गेलो होतो. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आलेली, माटोळीचं (गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळापानांचं) सामान यायला अजून वेळ होता पण किराणा, अगरबत्ती, साबण वगैरे आधीच उरकून टाकूया म्हणाली. साबणाच्या फळीपुढे आम्ही चांगली दहा मिनिटं उभे. तिने एक वडी उचलली, चष्मा कपाळावर सरकवला (जवळचं तिला चष्म्याशिवायच दिसतं), वडी पार नाकाशी नेली आणि दुकानदाराला विचारलं, "हा शिवराक आहे मरे?"

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, ज्या जेवणात मांस-मासळी नाही त्याला आम्ही शिवराक म्हणतो. सोमवारी शिवराक, श्रावणात शिवराक, बाकीच्या दिवशी नुस्त्याशिवाय, म्हणजे मासळीशिवाय, घास उतरत नाही. दुकानदार हसला, म्हणाला, "मावशे, साबण काय खातात?" मावशी काही हसली नाही. "खात नसेन, पण तोच अंगाला लावून देवापुढे बसते ना मी." शेवटी हिरवा ठिपका असलेली एक वडी सापडली आणि आम्ही सुटलो.

स्कूटरवरून घरी येताना मला भलभलतं सुचत होतं. आपण बसलोय त्या स्कूटरच्या टायरच्या रबरात स्टिअरिक ॲसिड असतं, ते कशापासून काढलंय कुणास ठाऊक. कपडे मऊ करायचं जे निळं पाणी मावशी बादलीत टाकते, तसल्या पातळ औषधांमध्ये वर्षानुवर्षं गुरांच्या चरबीपासून केलेलं रसायन वापरत आलेत. खडू, मेणबत्ती, दाढीचा फेस, प्लॅस्टिकची पिशवी, कुठे कुठे ठिपका बघणार? हे मी तेव्हा बोललो नाही, मावशीला उलट बोलायची आमच्या घरात अजून कुणाची टाप नाही.

पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, मग ज्याला भांडायचंय त्याने खुशाल भांडावं. मावशीचा प्रश्न अगदी रास्त आहे, पण ठिपका त्याचं धड उत्तर देत नाही. ठिपका एवढंच सांगतो की आत प्राण्याचं काही आहे की नाही. मला त्याच्यापेक्षा हे कळायला हवं की त्या चरबीसाठीच तो प्राणी मारला, की तो दुसऱ्याच कारणासाठी मारला गेला आणि ही चरबी मागे उरली? आणि प्राण्याची नाही म्हणता, तर मग कशाची, आणि ती कुठून आणली? हे विचारलं की बरेच सोवळे लोक अडचणीत येतात आणि बरेच पुरोगामीही.

आधी वस्तू काय आहे ते बघू. कत्तलखान्यात मांस वेगळं झालं की कातडं, हाडं, आतडी आणि पांढरी कच्ची चरबी उरते. ती तशीच ठेवली तर लगेच वास मारायला लागते, म्हणून तुकडे करून कढवायची, अगदी आपण लोणी कढवून तूप करतो तशीच, वरचं गाळून घ्यायचं आणि खालची बेरी बाजूला. गुरामेंढरांची असेल तर इंग्रज तिला टॅलो म्हणतो, डुकराची असेल तर लार्ड. टॅलो थंड झाली की पांढरी घट्ट बसते. युरोपातल्या गरिबाने कित्येक शतकं हिच्याच धुरकट, वासट मेणबत्तीवर रात्री काढल्या, मधमाशांच्या मेणाची बत्ती चर्चला आणि श्रीमंतांना. मग फ्रान्समध्ये शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ झाला, त्याने १८२३ मध्ये प्राण्यांच्या चरबीवर अख्खं पुस्तक लिहून दाखवून दिलं की चरबी ही एकच वस्तू नाही, तिच्यात वेगवेगळी आम्लं आणि ग्लिसरीन बांधलेलं असतं आणि ते सोडवून वेगळं काढता येतं. दोन वर्षांनी त्याने आणि गे-लुसाकने त्यातल्या घट्ट आम्लाच्या, म्हणजे स्टिअरिकच्या मेणबत्त्यांचं पेटंट घेतलं. धूर कमी, वास कमी, उजेड जास्त.

तिथपासून चरबीचं नाव गेलं आणि चरबी घरोघर पोचली. कारण एकदा तिचं स्टिअरिक ॲसिड झालं, ग्लिसरीन झालं, की ते बैलाचं आहे की झाडाचं हे बघून, चाखून, हुंगून कुणाला सांगता येत नाही. कंपनीलाही फरक पडत नाही, जे स्वस्त मिळेल ते घ्यायचं.

याचा सगळ्यात मजेशीर तमाशा झाला इंग्लंडात. २०१६ च्या सप्टेंबरात बँक ऑफ इंग्लंडने पाच पौंडाची नवी प्लॅस्टिकची नोट काढली, धुतली तरी फाटत नाही म्हणून कौतुक चाललेलं, आणि नोव्हेंबरात कुणाच्या तरी प्रश्नाला उत्तर देताना बँकेने सहज सांगून टाकलं की हो, नोटेच्या प्लॅस्टिकमध्ये टॅलोचा अंश आहे. किती, तर ०.०५ टक्क्यांहूनही कमी. झालं! व्हीगन उठले, हिंदू उठले, शीख उठले, जैन उठले, लाखाच्या वर सह्यांचा अर्ज गेला, काही देवळांनी ती नोट दानपेटीत नको म्हणून सांगितलं. बँकेने लोकांची मतं मागवली. प्राण्याची चरबी नको म्हणणारे निघाले ८८ टक्के. मग पाम तेलाचं वापरू का, तर त्यालाही ४८ टक्के लोक नको म्हणाले. शेवटी २०१७ च्या ऑगस्टमध्ये बँकेने जाहीर केलं की टॅलोच राहील, पाम तेलाकडे जायला खर्चही फार आणि ते तेल जंगल न तोडता आलंय याची खात्रीही देता येत नाही.

मला हा निकाल पटला की नाही ते सोडा. पण त्या ४८ टक्क्यांनी जे विचारलं ते आपल्याकडे कुणी विचारताना मला दिसत नाही. आपल्याकडे पाम म्हणजे झाड, झाड म्हणजे शिवराक, विषय संपला.

आपली चरबीबद्दलची चीड जुनी आहे आणि तिला कारणही आहे. १८५७ शाळेत सगळ्यांनीच पाठ केलंय, एन्फील्ड बंदूक, काडतूस दाताने तोडायचं, त्यावर गायीची आणि डुकराची चरबी. पण एक गोष्ट शाळेत कुणी फारशी सांगत नाही. बोभाटा झाल्यावर त्याच वर्षी जानेवारीतच कंपनी सरकारने हुकूम काढला होता की काडतुसं बिनचरबीची देऊ, शिपायांनी आपल्याला चालेल ते वंगण स्वतः आणून लावावं. म्हणजे मेण लावा, तूप लावा, आमची हरकत नाही. तरी मार्चमध्ये बराकपूर झालं, मे महिन्यात मेरठ झालं. का? कारण तोवर शिपायांचा विश्वास उडाला होता. आता सरकार तोंड भरून सांगत होतं, पण आधी विचारलं तेव्हा कुणी नीट बोललं नव्हतं, आणि नंतर कागदाच्या नुसत्या चकाकीवरूनही माणसं संशय घ्यायला लागली. माझ्या मते तिथे चरबीपेक्षा लपवाछपवीने जास्त घात केला, बाकी कारणं होतीच म्हणा.

तेच १९८३ मध्ये. साबणाच्या कारखान्यांसाठी म्हणून परदेशातून गुरांची चरबी येत होती, आणि ती वनस्पती तुपात मिसळल्याचं प्रकरण बाहेर पडलं. देशभर हलकल्लोळ, सरकारने चरबीच्या आयातीवर बंदी घातली. माझी आई सांगते की तेव्हा आमच्या घरात वनस्पतीचा डबा आजीने विहिरीपाशी नेऊन राखेने घासून पालथा घातला आणि परत कधी आणू दिला नाही. खाण्यात भेसळ झाली तर राग यायलाच हवा, त्यात वाद नाही. पण त्या बंदीनंतर आपले साबणवाले कुणाकडे वळले? पाम तेलाकडे.

आता मी त्या श्रावणातल्या वडीकडे परत येतो. घरी आल्यावर तिचं वेष्टन मावशीने फेकायच्या आधी मी वाचलं. टीएफएम (साबणातला एकूण स्निग्धांश) ७६ टक्के, म्हणजे आपल्याकडच्या मानकाप्रमाणे पहिल्या प्रतीचा, ७० असता तर दुसऱ्या, ६० असता तर तिसऱ्या. आणि घटकांत पहिलंच नाव सोडियम पामेट. म्हणजे पाम तेलाचा साबण. पाम तेल आयात करण्यात भारत जगात पहिला, वर्षाला ७५ लाख टनांहून जास्त आपण बाहेरून आणतो, बहुतेक इंडोनेशिया आणि मलेशियातून. तिथे या लागवडीसाठी काय झालंय ते सगळ्या जगाला माहीत आहे, दलदलीतली जंगलं वाळवली, जाळली, ओरांगउटानांची घरं गेली, धुराने सिंगापूरपर्यंत लोकांचे डोळे चुरचुरले. एक अख्खं जंगल जळतं तेव्हा त्यात किती साप, किती पाखरं, किती घोरपडी मेल्या याची कोण मोजदाद ठेवतो? पण वडीवर ठिपका हिरवा. मावशीच्या हिशेबात त्यात जीवहत्या नाही.

खोबरेल तेलाचा साबण करा की, असं कुणीतरी म्हणेलच. करा. गोव्यात माड आहेत, पण हल्ली एका नारळाचा भाव ऐकून आम्ही हुमणाला, म्हणजे माशाच्या कालवणाला, सुद्धा हात आखडता घेतो, साबणाला कोण घालतोय.

घोरपडीवरून आठवलं, आणि हे सांगायला मला जरा लाज वाटते. मी दहा-बारा वर्षांचा असताना आजोबांचे गुडघे धरले होते. गावातल्या एकाने बाटली आणून दिली, खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली, आत पिवळट तेल, तळाशी थोडं घट्ट झालेलं, बुचाला कापड गुंडाळलेलं. घोरपडीचं तेल. कुणाला सांगू नका म्हणाला, तेवढ्यानेच आमचा त्याच्यावर विश्वास दुप्पट झाला. रोज संध्याकाळी बाटली कोमट पाण्यात ठेवायची आणि मी आजोबांच्या गुडघ्यांवर ते तेल चोळायचो, हाताचा वास जेवताना सुद्धा जायचा नाही, उग्र, सुक्या मासळीच्या बाजारासारखा पण त्याहून वाईट. आजोबांना बरं वाटायचं. नातू अर्धा तास गुडघे चोळतोय म्हटल्यावर खोबरेलानेही बरं वाटलं असतं, हे मला पुढे कळलं.

ही बघा, ही वेगळ्या जातीची चरबी. इथे प्राणी चरबीसाठीच मारला. घोरपड १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या परिशिष्टात आहे, तिला मारणं गुन्हा आहे, आणि तरी सांधेदुखीच्या नावावर हे चालत आलं. आम्हाला गोव्यात घोरपड आणखी एका कारणाने ठाऊक, घुमटाच्या, म्हणजे आरतीला वाजवायच्या मातीच्या वाद्याच्या, तोंडावर तिचंच चामडं असायचं. कायदा आला, वाद झाले, घुमटाचा नाद जाणार म्हणून लोक हळहळले, पण वाजवणारे बकऱ्याच्या चामड्याकडे वळले आणि २०१९ मध्ये घुमट राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीरही झालं. आरत्या काही बंद पडल्या नाहीत. मग गुडघ्यांना काय धाड भरलीय?

आणि हा खुळेपणा काही आमचाच नाही. राजस्थानात आणि पाकिस्तानात सांड्याचं तेल, काटेरी शेपटीचा बिचारा गवत खाणारा सरडा, त्याची चरबी फुटपाथवर जिवंतपणी काढून विकतात, कशासाठी ते सांगायला नको. रशियात खोकल्याला बिज्जूची, म्हणजे बॅजरची, चरबी. मोठ्या प्रमाणावर म्हणाल तर देवमासा, त्याच्या तेलावर एकेकाळी युरोप-अमेरिकेतले दिवे जळले, यंत्रं फिरली, साबण झाले, आणि आंतरराष्ट्रीय आयोगाने १९८२ मध्ये ठरवून १९८६ पासून व्यापारी शिकार थांबवेपर्यंत कित्येक जाती संपायला आल्या होत्या. खोल समुद्रातल्या मोऱ्यांच्या, म्हणजे शार्कच्या, कलेजीतलं तेल महागड्या क्रीममध्ये जायचं, बोंबाबोंब झाल्यावर युरोपातल्या काही मोठ्या कंपन्या ऑलिव्ह आणि उसापासून मिळणाऱ्या तशाच तेलाकडे वळल्या. या सगळ्यांना माझा सरळ विरोध आहे, आणि लाल ठिपका लावून तो भागत नाही.

पण गुराची टॅलो? कोंबडीची चरबी? ते जनावर मांसासाठी कापलं गेलं, लोक ते खाणार, ते खाऊ नये असं ज्यांना वाटतं त्यांनी तो वाद जरूर घालावा, तो वेगळा वाद आहे. आज ते कापलं गेलंय, आणि चरबी समोर पडलीय. ती कामाला आली तर त्यात अपवित्र काय?

जगभर शहाण्या माणसांनी ती कामाला आणलीच आहे. आमच्या गोंयकारांची निम्मी खानदानं कुवेतात राहून आलीत, तिथल्या जुन्या लाकडी गलबतांबद्दल विचारा. गलबत किनाऱ्यावर आडवं करायचं आणि पाण्याखाली राहणाऱ्या भागाला चुना आणि मेंढ्याबकऱ्यांची चरबी एकत्र कालवून हातांनी लेप द्यायचा, म्हणजे लाकूड पोखरणारा किडा आत शिरत नाही. वरच्या फळ्यांना शार्कचं तेल. आपल्याकडेही तेच, फक्त जिन्नस वेगळे. मे महिन्याच्या शेवटी, बंदीचे दोन महिने सुरू व्हायच्या आधी, होड्या वर ओढून माडाखाली घेतात तेव्हा जुन्या लाकडी होड्यांना माशाचं तेल नाहीतर काजूच्या टरफलांचं तेल चोळायचे. रांपणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याला, तारले एवढे यायचे की खाऊन उरलेले माडांच्या मुळाशी खत म्हणून जायचे, त्याच तारल्यांचं तेल होडीला. तो वास एकदा नाकात बसला की आयुष्यभर जात नाही, आणि मला विचाराल तर पहिल्या पावसाचा वास तो मातीचा नव्हेच, तो तारल्याच्या तेलाचा.

बेलफास्टमध्ये १९११ च्या मे महिन्यात टायटॅनिक पाण्यात ढकललं तेव्हा उताराच्या लाकडांवर २२ टन टॅलो, माशाचं तेल आणि साबण थापला होता, एवढं धूड तेवढ्या जोरावर मिनिटभरात घसरत पाण्यात गेलं. नामिबियातल्या हिंबा बाया लोणी-तूप आणि तांबडी माती कालवून रोज अंगाला आणि केसांना लावतात, वाळवंटातलं ऊन आणि पाण्याची टंचाई, तिथे आंघोळीची चैन परवडत नाही. आर्क्टिकमधले इन्युइट सीलच्या चरबीचा दगडी दिवा पेटवायचे, झाड नावाची गोष्टच नाही तिथे, तोच दिवा, तीच चूल, तीच शेगडी. आता हा सील कुठल्या खात्यात टाकायचा? मांस खाल्लं, कातडं पांघरलं, चरबी जाळली. माझी दोन खाती तिथे जरा डळमळतात हे कबूल, पण अख्खा सील वापरणाऱ्याला मी काही बोलणार नाही. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धात तर सरकारने बायकांना सांगितलं होतं की तव्यातली उरलेली चरबी डब्यात साठवा आणि खाटकाकडे नेऊन द्या, तिच्यातल्या ग्लिसरीनपासून स्फोटकं करायची आहेत. म्हणजे बेकन तळून बॉम्ब. ते काही मला शहाणपणाचं वाटत नाही, पण चरबी वाया घालवू नये हे त्यांना कळत होतं.

हल्लीचा प्रकार म्हणजे विमानं. २०२३ च्या नोव्हेंबरात लंडनहून न्यूयॉर्कला एक प्रवासी विमान एक थेंबही खनिज इंधन न घेता गेलं, त्याच्या टाकीतलं बहुतेक इंधन टाकाऊ चरबी-तेलांपासून केलेलं होतं. ब्राझीलमध्ये बायोडिझेलला सोयाबीनच्या खालोखाल गुरांची चरबीच लागते. युरोपात मॅड काऊ या गुरांच्या रोगानंतर कडक नियम आले, रोगाची जोखीम असलेली चरबी पहिल्या वर्गात घातली, ती खाण्यात नको, पशुखाद्यात नको, क्रीममध्ये नको, जाळा. मग तिचं डिझेल करतात, मला हे शंभर टक्के पटतं. आपल्या सरकारनेही आंतरराष्ट्रीय विमानांच्या इंधनात २०२७ पासून १ टक्का असलं टिकाऊ इंधन मिसळायचं ठरवलंय, ते वापरलेल्या तेलाचं असेल, उसाचं असेल, आणखी कशाचं असेल. आमच्या मोपा विमानतळावरून उद्या दुबईला जाणाऱ्या विमानात ठिपका कुठे लावणार, शेपटीवर?

पण इथेही एक मेख आहे. युरोपात चरबीला इंधनवाले जास्त भाव द्यायला लागले, तर जे साबणवाले, रसायनवाले पूर्वी ती चरबी घेत होते ते मग कुठे जाणार? परत पामकडे. पर्यावरणवाल्या संघटना तिथे याच्यावरच ओरडतायत. म्हणजे बँकेच्या नोटेतून निघालेला प्रश्न फिरून पुन्हा इंडोनेशियाच्या त्याच जळक्या जंगलात. चरबी काही अमाप नाही, जेवढं मांस खाल्लं जातं तेवढीच ती येणार, ती आधी कशाला वापरायची हे ठरवावं लागेल. साबण होईल अशी चांगली चरबी साबणाला जावी आणि सडकी, रोगट, कुणालाच नको असलेली इंधनाला, मला तरी हे साधं वाटतं.

आता घरच्याकडे बघा. चिकन-मटणाची दुकानं गल्लोगल्ली आहेत, रविवारी रांगा. पिसं, आतडी, चरबी, कातडी, सगळं रात्री गोणीत भरून कुठल्यातरी वळणावर, पुलाखाली, नाहीतर सरळ वहाळात. सकाळी कुत्री ओढत रस्त्यावर आणतात. पावसात तेच पाणी खालच्या विहिरींना. आमच्या वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर अशी एक जागा आहे, तिथे स्कूटरवर बसलेल्या माणसाचा श्वास आपोआप बंद होतो, मावशी पदर नाकाला लावते आणि "शी, मेल्यांनो" म्हणते. मी दोनदा तक्रार केली, दोनदा बोर्ड लागला, आता गोण्या बोर्डाच्या खाली असतात. ही चरबी गोळा करून कढवली तर साबण होईल, ग्रीस होईल, डिझेल होईल, दुकानदाराला चार पैसे सुटतील. त्यासाठी रोज संध्याकाळी एक बंद गाडी फिरायला हवी आणि तालुक्याला एक धड कढवणीची जागा, जिचा वास शेजाऱ्यांना येणार नाही. साबणात चरबी आहे म्हणून मोबाईलवर दिवसाला चार मेसेज येतात मला. वहाळातल्या चरबीबद्दल आजवर एकही आला नाही.

यावर एक आक्षेप आहे आणि तो पोकळ नाही. एक जैन मित्र म्हणाला, उरलेल्या चरबीला भाव मिळाला की कत्तल आणखी फायद्याची होते, म्हणजे तू साबणातून खाटकालाच पैसे देतोस. खरं आहे. कातडं, हाडं, चरबी या सगळ्याचे पैसे मिळून त्याचा धंदा चालतो. पण जनावर कापायचं की नाही हे मांसाचा भाव ठरवतो, चरबी ही चिल्लर. आणि चिल्लरसुद्धा द्यायची नाही असं ज्याने ठरवलंय त्याला तो हक्क पूर्ण आहे, म्हणूनच तर मी म्हणतो की त्याला खरं कळायला हवं. नुसतं ठिपक्यापुरतं नव्हे.

ठिपक्याची कथा पण ऐकण्यासारखी आहे. खाण्याच्या पाकिटांवर तो २००१ पासून आहे. सौंदर्यप्रसाधनांचं म्हणाल तर २००२ मध्ये दिल्ली हायकोर्टाने सांगितलं की त्यांच्यावरही खूण हवी, साबणवाले सुप्रीम कोर्टात गेले, २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो आदेश रद्द करून हे काम सरकारचं म्हणून सांगितलं, २०१४ मध्ये सरकारने नियम बदलून साबण, शांपू, टूथपेस्टवर लाल नाहीतर हिरवा ठिपका आणला. आज दुकानात जाऊन बघा, काहींवर ठळक, काहींवर भिंग घेऊन शोधा. आणि स्टिअरिक ॲसिड, ग्लिसरीन लिहिलं की संपलं, ते कशाचं ते कोण सांगतो? माझी मागणी छोटी आहे. नाव लिहा. म्हैस असेल तर म्हैस, डुक्कर असेल तर डुक्कर, पाम असेल तर पाम आणि कुठल्या देशातलं ते. मराठीत लिहा, कोंकणीत लिहा, दिसेल एवढ्या अक्षरात लिहा. ज्याला जे चालत नाही ते तो सोडेल. मेंढीच्या लोकरीतली चरबी, लॅनोलिन, ओठांच्या मलमात असते, मेंढी फक्त कातरली जाते, मरत नाही, ती कुणाला चालेल कुणाला नाही. मावशीचं पूजेचं रेशमी सोवळं कोशातले किडे उकळून निघालेल्या धाग्याचं आहे, ते तिला चालतं. मी कोण ठरवणारा?

डिसेंबरात तिची शेजारीण, आमची तिया, इंग्लंडहून मुलाकडून परत आली. दरवर्षीप्रमाणे मावशीला साबणांचं खोकं. मावशी हे साबण कधी वापरत नाही, एक-एक वडी कागदासकट साड्यांच्या घड्यांमध्ये ठेवते, कपाट उघडलं की सगळी खोली घमघमते. त्या दिवशी ती एक वडी त्याच सोवळ्याच्या घडीत सरकवत होती आणि मी पलंगावर बसून खोक्यावरची बारीक अक्षरं वाचत होतो. पहिलंच नाव, सोडियम टॅलोएट.

सांगितलं. टॅलो म्हणजे काय तेही सांगितलं, आता लपवलं असतं तर वर एवढं लिहिलं त्याला काय अर्थ. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग सोवळ्यातली वडी काढली, बाकीच्या साड्यांतल्याही काढल्या, सगळ्या मिळून सात निघाल्या. मला वाटलं आता तियाकडे परत जाणार. तर नाही. एक वडी सोलून तिने मागच्या दारी न्हाणीच्या कट्ट्यावर ठेवली, नारळाच्या करवंटीत.

"नुस्तें कापल्यावर हात धुवायला बरी," म्हणाली. "बाकीच्या सहा वर ठेव, पुरतील वर्षभर."